दहावी पायरी

"कडेला काय टेकताय मावशी, नीट मागे सरकून बसा. घरच्यासारखं बसा," मालकीणबाई दबक्या आवाजात म्हणाल्या आणि दार उघडायला स्वतः गेल्या.

मावशी मागे सरकली. इतकी वर्षं तिनं हा सोफा झाडला, पुसला, त्याच्या खोळी धुतल्या, पण त्यावर कधी बसली नव्हती. तो आत रुतला तशी ती दचकली. शेजारी साहेब बसले होते, तेही असे अवघडून की पाहुणे तेच आहेत.

झालं होतं असं, की सरकारनं घरोघरच्या मिळकतीची पाहणी काढली होती आणि चिठ्ठीत नेमकं हेच घर आलं. मालकीणबाईंचं धाबं दणाणलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंना मागच्याच वर्षी दंड झाला होता, कामवालीला राबवता आणि पगार देत नाही म्हणून. इथं तरी मावशीला पगार कुठं होता? मालकीणबाई सणासुदीला हातावर काही ठेवायच्या, अंगावरचे कपडे द्यायच्या, आणि राहायला स्वयंपाकघरामागची खोली होती.

म्हणून आदल्या संध्याकाळी शिकवणी झाली.

"तुम्ही साहेबांच्या आईची चुलत बहीण. आम्ही मावशीच म्हणतो ना तुम्हाला? मग त्यात खोटं कुठं आलं?"

"खरंय बाई."

"बाई नाही! सून म्हणा मला. कामाला आहे असं चुकून तोंडातून गेलं ना मावशी, तर मला तुम्हाला ठेवताच यायचं नाही. मग कुठं जाल?"

कुठं जाणार? भाऊ होता तोवर दार होतं. भाऊ गेला आणि भावजयीनं उंबऱ्यातूनच पाणी पाजून परत पाठवलं. खोलीतली ती खाट गेली, तर मावशीला जगात पाठ टेकायला जागा नव्हती. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पण तिला खरी भीती होती ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती मालकीणबाईंच्या ध्यानातही नव्हती. मावशीच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पुरता पिकला होता आणि डावाही धुरकट व्हायला लागला होता. सरकारी दवाखान्यात तिला फुकट ऑपरेशनचं कार्ड मिळालं होतं, तारीख येत्या मंगळवारची. कार्ड देताना खिडकीतला कारकून डोळे वटारून म्हणाला होता, "हे ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी आहे. खोटी माहिती निघाली तर सगळा खर्च वसूल करू, समजलं?" त्याला तिनं हाच पत्ता दिला होता. अमक्या घरी कामाला आहे, पगार नाही, असं खरं खरं सांगितलं होतं.

आणि आता त्याच पत्त्यावर ती साहेबांची मावशी होऊन बसली होती. इकडे आड, तिकडे विहीर.

पाहणीवाली आत आली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, घामाघूम. तिच्या गळ्यातल्या पट्ट्याला कार्ड लटकत होतं आणि कार्डावर शिक्का होता. मावशीनं डावा डोळा बारीक करून पाहिलं. दवाखान्यातल्या कारकुनाच्या गळ्यातल्या कार्डावरही हाच शिक्का होता. दोघं एकाच हापिसातली!

"जरा पाणी मिळेल का?" पाहणीवालीनं विचारलं.

मावशी ताडकन उठली. मालकीणबाईंनी खांदा दाबून तिला खाली बसवलं. "बसा मावशी, मी आणते ना!" मग आतून एकेक कपाट उघडल्याचे आवाज येऊ लागले. पाहुण्यांचे ग्लास कुठं असतात ते त्या घरात एकट्या मावशीला माहीत होतं. शेवटी मालकीणबाई दात घासायच्या पेल्यातून पाणी घेऊन आल्या. पाहणीवालीनं पेला पाहिला, मावशीकडे पाहिलं, आणि पाणी पिऊन टाकलं.

प्रश्न सुरू झाले. एका चुलीवर कोण कोण जेवतं, ते पहिलं. साहेबांनी नावं सांगितली, शेवटी मावशीचं.

"आजी, मागच्या आठवड्यात पैसे घेऊन काही काम केलंत?"

"नाही."

हे तर खरंच होतं.

"मग दिवसभर काय करता?"

शिकवणीत हा प्रश्न नव्हता. मावशी घाबरून भडाभडा बोलत सुटली. "उठते, चहा टाकते, डबे भरते, कपडे, भांडी, केर, दुपारचा स्वयंपाक, मग इस्त्री, मग रात्रीचा..."

"अहो, ऐकतच नाहीत!" मालकीणबाई हसल्या. "कितीदा सांगते, या वयात आराम करा."

"घरचंच काम," पाहणीवाली पुटपुटली आणि हातातल्या टॅबच्या पडद्यावर बोट टेकवलं. "आता दवाखान्याचं. वर्षभरात कुणाला काही उपचार? ऑपरेशन ठरलंय? आजी, तुमच्या डोळ्याला काय झालंय?"

हो म्हणावं तर दवाखान्याचं कार्ड निघणार आणि खोटं उघडं पडणार. तिनं मालकीणबाईंकडे पाहिलं. मंगळवारची रजा तिनं त्यांच्याकडेच मागितली होती. मालकीणबाई खिडकीच्या पडद्याची घडी नीट करत होत्या.

"काही नाही. वयाचं आहे," मावशी म्हणाली.

साहेबांना जरा धीर आला होता. त्यांनी विचारलं, "या सगळ्याचं करता काय तुम्ही?"

"घरची मिळकत घ्यायची, माणसांनी भागायची. मग देशातली सगळी माणसं दहा पायऱ्यांवर बसवायची, खाली गरीब, वर श्रीमंत. कुठल्या पायरीला किती मिळतं, तेवढ्या पैशांत इथं काय येतं आणि दुसऱ्या देशात काय येतं, ते ताडून बघतात. आपण पुढं चाललोय की मागं, ते त्यातनं कळतं म्हणे."

"आणि मी?" मावशीच्या तोंडून निसटलं. "मी कितव्या पायरीवर?"

पाहणीवालीनं हिशेब केला. मग हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "दहाव्या, आजी. सगळ्यात वरच्या."

निघताना पाहणीवाली चपला घालायला दारात वाकली. मालकीणबाई आत गेल्या होत्या. "आजी," ती हळूच म्हणाली, "खरंच नात्यातल्या ना? मला सांगितलंत तर कुणाला कळणार नाही. दवाखान्याला नाही, कुणालाच नाही. आईची शपथ."

एक क्षण मावशीला वाटलं, सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं. पण पाहणीवाली वाकली होती आणि गळ्यातलं कार्ड दोघींच्या मध्ये लोंबत होतं. धुरकट डोळ्यालाही तो शिक्का स्वच्छ दिसला.

"सख्ख्यापेक्षा जास्त," मावशी म्हणाली आणि दार लावलं. त्या रात्री तिनं उशीच्या अभ्र्यातलं कार्ड काढलं, फाडलं आणि तुकडे केराच्या टोपलीत अगदी तळाशी घातले.

मंगळवारी सकाळी मालकीणबाई चहाला आल्या आणि दारातच थांबल्या.

"अगंबाई! मावशी, आज तुमचं ऑपरेशन ना? गेला नाहीत?"

"ते गरिबांना असतं, बाई."

"तुम्ही पण ना!" मालकीणबाई खळखळून हसल्या. "पण बरंच झालं. संध्याकाळी साहेबांची चार माणसं जेवायला आहेत."

दुपारभर मावशी खिडकीशी डाळ निवडत बसली. दिसत नव्हतं ते बोटांनी चाचपत होती. ताट उजेडाकडे कलतं करून पुन्हा चाचपत होती.

संध्याकाळी एका पाहुण्याच्या दाताखाली कडकन खडा आला. हसणं थांबलं. पाहुण्यानं रुमालात थुंकून खडा ताटाच्या कडेला ठेवला. चांगला वाटाण्याएवढा होता, कुणालाही लांबून दिसला असता.

मालकीणबाईंनी वळून पाहिलं. त्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा मावशीच्या डोळ्याकडे नीट पाहिलं, आणि मग साहेबांकडे. साहेबांनी मान खाली घातली. ते दोघं काय बोलले ते मावशीला न बोलता कळलं. खोली गेली.

"चुकलं," ती म्हणाली. तिनं पुढं होऊन ताटाच्या कडेचा खडा चाचपडत शोधला आणि मुठीत घेतला. आत येऊन उद्याची डाळ ताटात ओतली आणि दिव्याखाली बसून पहिल्यापासून निवडायला लागली.