धरलेली वायर

दोन हजार तेवीसच्या अविधवा नवमीला, मोशीच्या फ्लॅटमध्ये, नवनाथने ती जुनी हार्डडिस्क तिसऱ्यांदा लॅपटॉपला जोडली आणि तिसऱ्यांदा तिने टकटक करून मान टाकली. वायर बदलून झाली होती, लॅपटॉपही बदलून झाला होता. समोर त्याच्या सासूबाई, सुमनताई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. अहेव गेलेल्या बायकांचा हा दिवस. लेकीचं, स्वरूपाचं, पान वाढायला त्या दापोडीहून आल्या होत्या. जीव मात्र त्या डबीत अडकला होता. स्वरूपाचा आवाज आता तेवढ्यातच उरला होता.

स्वयंपाक सगळा विजयश्रीने केला होता, नवनाथच्या दुसऱ्या बायकोने. सुमनताई तिच्याशी अजून ‘अहो’च्या पलीकडे गेल्या नव्हत्या.

हात पुसत ती आली. "वायरीचं नाही, डिस्कची खाचच ढिली झालीय. दाबून बघू?"

तिने वायर अंगठ्याने दाबून धरली. टकटक थांबली. पडद्यावर फायली उमटल्या.

"आधी कॉपी करून घेतो, आई. हिचा भरवसा नाही," नवनाथ म्हणाला.

"कराल हो मग. आधी एकदा ऐकवा."

सासूपुढे त्याचं कधी चाललं नव्हतं.

त्याने एक व्हिडिओ लावला. ओट्याशी स्वरूपा पोळ्या लाटत होती. पिठाचा हात उगारून ती हसत म्हणाली, "शिफ्टवरून आला की कॅमेरा, उठला की कॅमेरा. दुसरी कुणी असती ना, तर कधीच पळाली असती."

नवनाथ खाली बघत राहिला. सुमनताईंची नजर लेकीवरून सरकली ती विजयश्रीच्या अंगठ्यावर. नख पांढरंफटक पडलं होतं. अंगठा तसूभर हलला नव्हता.

त्या तिच्याजवळ सरकल्या.

"दे इकडं. अवघडला असेल हात."

"नको आई, हलेल."

"दे म्हणते ना, बाळा."

हाताखाली हात गेला. एकदाच टक् झालं आणि पडदा थिजला. कितीही दाबलं तरी डिस्क पुन्हा बोलली नाही.

विजयश्रीचे डोळे भरले. "माझाच हात हलला."

"माझा हलला," सुमनताई म्हणाल्या. "ऊठ, पान वाढायचंय."

नवनाथने पुढे ती डिस्क दोन-तीन दुकानांत दाखवली आणि कपाटात ठेवून दिली. तो अजून चाकणला शिफ्टवर जातो. विजयश्रीचं बाळंतपण दापोडीला झालं, सुमनताईंच्या घरी. गेल्या थंडीत त्या वारल्या. शेवटी शेवटी म्हणायच्या, स्वरूपाचा आवाज आठवत नाही गं. मग विजयश्री त्यांचा हात धरून बसायची, जराही न हलता.