शिट्टी झाली आणि टीम गायब

मी शिलाईवाली. गळा माझा असा, की गल्लीच्या या टोकाला हाक मारली तर त्या टोकाची कुत्री उठून बसतात. त्यामुळे पोरींना फुटबॉल शिकवताना मला शिट्टी कधी लागलीच नाही. "थांबा गं भवान्यांनो!" एवढं ओरडलं की काम भागायचं.

भवान्या म्हणजे माझी भाची ठिणगी आणि तिची टोळी. दुकानांतून वस्तू लांबवायच्या आणि चौकीदाराची शिट्टी ऐकू आली की दाही दिशांना पांगायचं, हा त्यांचा धंदा. एकदा ठिणगी सापडली. मुलांच्या कोर्टातल्या बाईंनी बजावलं, "सध्या आत्याकडे राहा. सुधारलेली दिसली नाहीस, तर सुधारगृह." आई नसलेली पोर ती. म्हटलं, एवढा पळायचा सोस आहे ना, मग बॉलमागे पळा!

आणि पळाल्या हो! संध्याकाळी बाजारात फिरायचं त्राणच उरेना. ठिणगी तर जेवताना ताटावर डुलक्या घ्यायची.

पहिल्या मॅचला बाई स्वतः आल्या. ठिणगी माझ्याकडे राहणार की सुधारगृहात जाणार, ते त्या आज ठरवणार होत्या. मी छाती फुगवून उभी. रेफ्रींनी शिट्टी फुंकली.

झालं! माझी अख्खी टीम भिंतीवरून पसार. गोलकीपरसुद्धा, हातमोज्यांसकट! समोरच्या मुली बॉल घेऊन खुळ्यासारख्या बघत राहिल्या.

"हा खेळ आहे होय?" बाई म्हणाल्या.

"अहो, सवय हो त्यांची! माझंच चुकलं, मी कधी शिट्टी..." गेली पोर हातची, असं वाटलं.

तेवढ्यात भिंतीवर दोन हात दिसले. ठिणगी! उडी मारून ती तडक बाईंपुढे येऊन उभी राहिली. रडकुंडीला आली होती, तरी मान वर.

"मी पळाले. पाय आपोआपच पळाले. न्या मला सुधारगृहात. पण मॅच झाल्यावर न्या, नाहीतर टीमला माणूस कमी पडेल."

तिच्यामागून एकेक भवानी भिंतीवरून खाली उतरत होती.

बाईंनी ओठ दाबून हसू आवरलं, मग त्यांना ते आवरेचना. "मॅच झाली की आत्याबरोबर घरी जा," त्या म्हणाल्या.

मला रडूच फुटलं, सगळ्यांदेखत. पण आत्या ती आत्याच.

"बघतेस काय टकामका?" मी ओरडले. "बुटाची नाडी बांध आधी!"