दोनदा टिचकी

वज्दी उस्तादांचा निरोप आला तेव्हा इब्तिहाज मकलूब्याच्या भातासाठी वांगी तळत होती. तेलाचा आवाज बसला की वांगं झालं, हे तिच्या कानाला पक्कं ठाऊक. नेमका तेव्हाच फोन बोलला आणि एक घाणा करपला.

"इब्तिहाज, सुहैरला ग्रुपमधून काढ. आत्ता. मी काढलं तर लोक म्हणतील, अध्यक्षाने सूड घेतला."

म्हणजे पाप हिच्या माथी. इर्बिद शहरातल्या अंधांच्या संघटनेचा हा ग्रुप, माणसं एकशे चाळीस, सगळा कारभार आवाजी निरोपांवर. ॲडमिन दोघंच, अध्यक्ष म्हणून उस्ताद आणि ती.

सुहैर खालाचा गुन्हा एवढाच. बाजारात अंधांसाठी देणगीतून उंचवट्यांच्या फरश्या बसवल्या होत्या, त्याच्या समारंभात आभाराचं भाषण करायला ती नाही म्हणाली. वर ग्रुपवर बोलली, "पोरांनो, त्या फरश्यांवरून काठी टेकत गेले ती थेट फलाफलवाल्याच्या कढईपाशी. आभार कुणाचे मानू, कढईचे?"

झालं! निरोपांवर निरोप, 'देणगीदार चिडतील', 'घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला', 'हिला नुसता मोडता घालता येतो'. संध्याकाळी उस्तादांनी ग्रुपला कुलूपच घातलं. आता बोलतील ते फक्त ॲडमिन.

इब्तिहाजने त्यांना फोन लावला. "उस्ताद, ती खोटं तर नाही ना बोलली? माझ्याही पायांनी पाहिल्यात त्या फरश्या."

"खरंखोटं नंतर गं! आपला आवाज एकच हवा."

मग ग्रुप कशाला, तुम्ही एकटेच बोला की, असं ती मनात म्हणाली. तोंडाने म्हणाली, "बरं."

त्या 'बरं'चीच तिला चीड आली. भाऊ घराबाहेर पाऊल टाकू देत नव्हता, तेव्हा खालाच दारात येऊन ओरडली होती, "पडली तर पडली! गुडघे तिचे आहेत." काठी धरायला शिकवलं तेही तिनेच. आता नवरा गेल्यापासून खालाच्या घरात बोलणारं कोणी असेल तर हा ग्रुप.

तेलकट बोटाने तिने खालाचं नाव शोधलं. फोन एकेक पर्याय वाचू लागला. हवा तो ऐकू आला की पडद्यावर कुठेही दोनदा टिचकी मारायची, काम फत्ते. "ॲडमिन करा... ग्रुपमधून काढा..." बोट घसरलं, वाचन एक पायरी मागे गेलं, आणि तिने चिडून धडाधड दोनदा मारली.

"सुहैर आता ग्रुप ॲडमिन आहेत," फोन थंडपणे म्हणाला.

तिला हसू फुटलं. उलटं फिरवणं सोपं होतं. बोट पडद्यापर्यंत गेलं. तिने ते ओढणीला पुसलं आणि वांगी उलटायला वळली.

तेवढ्यात ग्रुपवर खालाचा आवाज. "कुणी केलं माहीत नाही. मी कुणालाच काढणार नाही, वज्दीलाही नाही. कुलूप मी उघडलंय. मला शिव्या घालायच्या तर घाला, पण तोंडाने घाला."

लगोलग उस्तादांचा फोन. "काय करून बसलीस?"

"बोट घसरलं."

"मग फिरव परत!"

"ते नाही घसरणार आता. तुम्ही फिरवा, उस्ताद. आणि लोक काय म्हणतील ते ऐका."

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज.

तोवर ग्रुपवर सोळा निरोप साचले होते. बारांत खालाला झापलेलं, तीनांत इब्तिहाजला, आणि एक जण कढई नेमक्या कुठल्या कोपऱ्यावर ते विचारत होता. तिने सगळे ऐकले, एकही न गाळता. डोकं भणभणलं. वांगी पुन्हा करपली होती.