देऊळ चालत आलं त्याची खूण

डोळे मिटा बघू. समोर एक जुनं देऊळ आणा. त्याची एक भिंत मात्र जागेवर नाही. तिचे चाळीस दगड अंगणात ओळीने मांडलेत. पाया खचला म्हणून भिंगरीच्या आत्याने ती उतरवली. आत्या पाथरवट. प्रत्येक दगडावर तिने खडूने आकडा घातला होता, म्हणजे भिंत लावताना ज्याची जागा त्यालाच मिळेल.

आत्या चुना आणायला गेली आणि भिंगरीच्या अंगात मदतीचा उत्साह संचारला. तिने बादली भरली, काथ्या घेतला आणि चाळीसही दगड चारी बाजूंनी लख्ख घासले. आकड्यांसकट.

आत्या परतली आणि मटकन खाली बसली.

"अगं, दगडांना आंघोळ कुणी घालायला सांगितली होती?"

आत्याने कागदावर भिंतीचं चित्र काढून आकडे टिपले होते, पण दगड सगळे दिसायला सारखेच. कोणता कुठला, हे आता कागद थोडाच सांगणार? आणि जागा चुकली, तर सांधे नीट बसणार नाहीत, भिंतीला वरचं छत पेलणार नाही, असं आत्या हळू आवाजात म्हणाली. भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं.

पुजारीकाकांनी धीर द्यायला देवळाची कथा काढली. पूर्वी देऊळ नदीकाठी होतं. पुराने देवीचे पाय भिजायला लागले, तेव्हा ते उठलं आणि चालत टेकडीवर आलं.

"काका, दगड चालत असते, तर मी कशाला हाडं झिजवली असती?" आत्या वैतागून म्हणाली.

भिंगरी मान खाली घालून बसली होती. समोरच्या दगडाच्या कडेला, घासून जुना चुना निघाला होता तिथे, बोटाएवढा मासा कोरलेला दिसला. पलीकडे तिसऱ्या दगडावरही तसाच मासा. तिने आत्याचा पदर ओढला.

आत्याने माशावरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या कडेला कमळ सापडलं, आणखी एकावर शंख. जिथे दोन दगड एकमेकांना भिडतात, तिथे दोघांवर एकच खूण.

"अशा खुणा देऊळ उतरवून दुसरीकडे लावायचं असलं की करतात," ती म्हणाली. "काका, तुमचं देऊळ चालत आलंय खरं. माणसांच्या खांद्यांवरून."

त्या माणसांनी आपली नावं कुठेच कोरली नव्हती. मागून येणाऱ्या हातांचं काम सोपं व्हावं, एवढंच पाहिलं होतं. पुजारीकाकांनी तिथेच हात जोडले, गाभाऱ्याकडे नव्हे, दगडांकडे.

आत्याचा हात भिंगरीच्या कानापर्यंत गेला आणि पाठीवर विसावला.

भिंगरीने काथ्या बादलीत टाकला, ओले हात फ्रॉकला पुसले आणि कमळाचा जोडीदार शोधायला धावली.