लाल पेनाची रेघ

गुंडाळी उलगडली तसा कागद पुन्हा वळायला लागला. संशोधक मुलीने एका टोकावर स्टेपलर ठेवला आणि दुसऱ्या टोकावर आपला तळवा.

“काकू, अक्षर तुमच्या वडिलांचंच ना?”

काकूंनी चष्मा चढवला. “त्यांचंच. वाण्याची यादीसुद्धा अशीच लिहायचे. वाणी विचारायचा, छापून आणलीत का?”

पस्तीस वर्षांपूर्वी एक यान एका धूमकेतूजवळून गेलं होतं. त्याने मोजलेलं याच खोलीत, याच टेबलावर, दोन पेनं कागदावर उतरवत. निळं पेन वेगवान कणांची संख्या काढी, लाल पेन यंत्राचा वीजदाब. खोलीत काही आदळलं की पेनंही दचकत. म्हणून वडील समासात सगळं टिपून ठेवत: ‘साहेब शिंकले.’ ‘कप जोरात ठेवला. मीच.’

“साहेबांच्या नऊ शिंका वगळल्यात आम्ही,” मुलगी हसली. मग तिचं बोट पुढे सरकलं. “घोडं अडलंय ते इथे. सूर्याकडून येणारा कणांचा वारा धूमकेतूच्या वायूपाशी येऊन थबकतो, ती सीमा इथेच असणार असं माझं गणित सांगतं. निळी रेघही इथेच उसळलीय. पण मोजमापं साठवलेल्या टेपवरची नेमकी ही अकरा मिनिटं खराब झालीत. आणि कागदावर हे असं.”

समासात लिहिलं होतं: ‘४.१२. दार आपटलं. लेक गेली.’

काकूंनी हाताने खुर्ची चाचपली आणि बसल्या.

“आठवतं का हो काही? खरंच आपटलं होतं? तसं असेल तर माझी सीमा गेली.”

आठवत होतं. दूरच्या गावची नोकरी धरल्याचं सांगायला त्या इथे आल्या होत्या. वडिलांनी पेनांवरची नजर न काढता एवढंच म्हटलं होतं, “जा.” पुढे पत्रं आली-गेली, पण दुसऱ्याच वर्षी वडील गेले, आणि भेट राहिली ती राहिलीच. रागात निघाल्या होत्या खऱ्या, पण दार हळू लावलं होतं, एवढ्या एका गोष्टीवर काकूंनी इतकी वर्षं काढली होती. लहानपणापासून इथेच स्टुलावर बसून त्या पेनांत शाई भरायच्या, आणि वडील गुणगुणायचे:

हळू टाक पाऊल बाई, हळू लाव दार
कागदावर उतरतो गं आभाळाचा भार

“त्यांनी लिहिलंय म्हणजे आपटलंच असेल,” काकू म्हणाल्या. “त्यांची नोंद कधी चुकली नाही.”

मुलीने मान हलवली आणि स्टेपलर उचलला. कागद वळू लागला.

“थांब गं.” काकूंनी तो धरला. “लाल पेन कुठेय?”

“लाल? रेघ तर एकच आहे.”

“दोन आहेत. लाल शाई टिकायची नाही. मीच पाणी जास्त घालायचे. पण टोक रुतायचं कागदात. दार आपटलं तर दोन्ही पेनं हलणार की नाही?”

त्यांनी कागद खिडकीशी नेला, तिरपा धरला. उन्हात एक बारीक चर उमटला. त्यांनी त्याच्यावरून नख फिरवत नेलं: चार दहा, चार अकरा, चार बारा, चार तेरा. नख कुठेही अडखळलं नाही. बाजूला निळी रेघ एकटीच उसळलेली होती.

मुलीने श्वास सोडला. “काकू! सीमाच आहे ही!”

काकूंनी नख मागे आणलं. ते चार बारावर टेकलं.

थोड्या वेळाने त्यांनी पेन्सिल मागितली. वडिलांची रीत त्यांना पाठ होती: चूक पुसायची नाही, तिच्यावर एक आडवी रेघ मारायची, खाली बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. वडिलांच्या ओळीखाली त्यांनी सावकाश लिहिलं: ‘दार हळूच लावलं होतं.’ आणि सहीच्या जागी: ‘लेक.’

“वरच्या ओळीवर रेघ मारायची राहिली,” मुलगी म्हणाली.

“राहू दे,” काकूंनी पेन्सिल खाली ठेवली. आवाज न होऊ देता. “त्यांना तसंच ऐकू आलं होतं.”