वीणेचा पहारा

रुतिकाच्या घरात पक्ष बदलला की आधी कळायचं ते फडक्यांवरून. जुन्या पक्षाच्या उपरण्यांनी आई फ्रीज पुसायला लागायची. तीन वर्षांत तीन रंग झाले. बॅनरवरचे पप्पा मात्र तेच, हात जोडून हसणारे. त्या हातांनी घरात कधी पाण्याचा तांब्या उचलला नव्हता.

या खेपेला पप्पांनी ऐन सप्ताहात उडी मारली. हरेशकाका जुन्याच पक्षात राहिला, आणि एका आईचे दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

तळवलीच्या देवळात सप्ताहाचे सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. दोन-दोन तासांचा पहारा असतो. पुढच्याने मागच्याच्या पाया पडून ती गळ्यात घ्यायची. दोनपासून धर्माआजोबा उभे होते. चारला काकाचा पहारा, सहाला पप्पांचा.

साडेपाच झाले तरी काका पायरीवरच.

"मी घेतली तं सहाला कल्पेशच्या हातात द्यावी लागंल. फोटो निघंल. पार्टीत काय सांगू?"

"मंग तूच घे की रं, कल्पेश," दारात बसलेली बायजाआजी म्हणाली.

"त्याचा पहारा मी का करू?" पप्पा दुसऱ्या पायरीवरून बोलले.

आजोबांच्या मुखात नाम चालूच होतं, पण गुडघे लटपटत होते. वीणा एकदा झुकली. रुतिका उठली. अकरा वर्षांची पोर. तिने नळावर पाय धुतले आणि आजोबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आजोबा, माझ्या गल्यात घाला."

"पोरगी हाय ती!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मंग या ना पुढं, मर्द हाव तं!" आजी कडाडली.

कुणी हललं नाही. वीणा जड होती, तार बोटाला कापत होती. पण विठोबाकडे बघत रुतिकाने 'रामकृष्ण हरी' धरलं आणि टाळकऱ्यांचा आवाज चढला. आजोबा खांबाला टेकून बसले.

तेवढ्यात पप्पा धावत आत आले. मागे मोबाइलवाला.

"शाबास गो बाय! जरा इकडं बघ. मी पन हात लावतो."

पप्पांनी नवं उपरणं सारखं केलं. रुतिकाने मान वळवली नाही. नामातच थांबून एवढंच म्हणाली,

"पप्पा, चपला."

सगळं देऊळ त्यांच्या पायांकडे बघायला लागलं. मोबाइल चालूच होता.