बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी

मी शेगडी. साखऱ्याच्या चतुराबाईची. माझं ऐका, पण माझ्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. मी स्वतःच ठेवत नाही.

दस्तगीर लोहारानं मला ठोकून घडवलं तेव्हाच बजावलं होतं, हिला उघड्यावर पेटवा. चतुराबाईला वाटलं, लवकर गंजून नवी घ्यावी लागावी म्हणून हा असं सांगून राहिला. तिचा स्वभावच संशयी. तिच्या घरात राहून माझाही तसाच झाला.

त्रेचाळीस सालच्या पौषात तिची लेक पार्वती तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. अडली म्हणून नेली, नाहीतर कोण नेतंय! पोरगी झाली. तिसऱ्या दिवशी चतुराबाईनं मला गोधडीत लपवून तिथं नेलं, कारण दवाखान्यात शेगडीला मनाई होती.

खोली उंच, समोरासमोर खिडक्या, वर झरोके. हवा खेळती पाहिजे, असं निर्मलाबाई नर्स सांगायच्या. चतुराबाईला मात्र ही खोली बाळंतिणीला वारं बाधावं म्हणूनच बांधलीय असं वाटे. खरं सांगू, तिचंही सगळं चूक नव्हतं. खाट लोखंडी, फरशी गार, पांघरायला एकच घोंगडी. पार्वती कुडकुडत होती. खिडक्या उघडा म्हणणाऱ्यांनी दुसरी घोंगडी काही दिली नाही.

दुपारी नर्सबाई जेवायला गेल्या. चतुराबाईनं खिडक्या, झरोके लावले, फटींत चिंध्या कोंबल्या, कोळसे फुलवून मला खाटेखाली सारलं. निखारे लाल झाले. ना धूर, ना वास. म्हणून तर मला माझाच संशय येतो.

समोरच्या खाटेवरच्या इशरतचं डोकं ठणकायला लागलं. ती आपलं लेकरू घेऊन व्हरांड्यात गेली. जाताना पार्वतीलाही चल म्हणाली. चतुराबाईला वाटलं, हिची नजर बरी न्हाई. पार्वती झोपली, पोरगीही झोपली. दोघींच्या गालांवर लाली चढली.

"शेक बराबर लागला. कसं तेज आलं माय," चतुराबाई म्हणाली. तिचंही डोकं गरगरत होतं, तिनं ते पदरानं आवळून बांधलं.

निर्मलाबाई परतल्या. त्यांनी धडाधड खिडक्या उघडल्या, दोघींना बाहेर काढलं. पार्वती शुद्धीवर आली. पोरगी आली नाही.

चतुराबाईनं उघड्या खिडकीकडं बोट दाखवलं. "झोपल्या लेकराला या नर्सबाईनं वारं लावलं."

गावानं ते खरं मानलं, पार्वतीनंही. निर्मलाबाईंच्या नावानं आजही बोटं मोडतात. मला कुणी शब्दानं बोललं नाही, उलट राखेनं घासून जपून ठेवलं. ज्यांनी साऱ्या जगाचा संशय घेतला, त्यांनी माझा घेतला नाही. याचंच मला भय वाटतं.

आता पार्वतीला पुन्हा दिवस गेलेत. यंदा दवाखाना नको, असं ठरलंय. माजघराची एकुलती खिडकी शेणामातीनं लिंपून झाली. काल कोळशाचं पोतं आलं.

पार्वती, बाई गं, शेक हवा तर फडक्यात गुंडाळून तापली वीट घे. मला दाराबाहेर ठेव, कोंडल्या खोलीत माझे निखारे हवा विषारी करतात. तुझी पोरगी वाऱ्यानं नेली नाही. मी नेली.